हेलिकॉप्टर फुकट, मग विमा कशाला?

सप्रेम नमस्कार,

फेब्रुवारीत मी, नवरा आणि धाकटा दीर असे तिघं फ्रान्समध्ये शामोनीला चाललो आहोत. नवरा कंपनीच्या कामासाठी श्टुटगार्टला होता तेव्हा स्कीइंग शिकला. त्याला गाइड घेऊन 'व्हॅली ब्लांश' ही ग्लेशियरवरची उतरण करायची आहे. दीर 27 वर्षांचा, स्नोबोर्डचं वेड असलेला. त्याला कोणी न तुडवलेला ताजा बर्फ हवा असतो. मी सोलंगला दोन दिवस धडपडले, तेवढाच अनुभव. मी शिकाऊंच्या वर्गात जाणार. मधे एक दिवस बोगद्यातून इटलीला, कूर्मायेरला, आणि परतताना दोन दिवस स्वित्झर्लंडमध्ये झेरमॅटला.

व्हिसासाठी एजंटने 30,000 युरोंची पॉलिसी काढून दिली. तिच्यात स्कीइंगचं नावच नाही. अॅडव्हेंचर स्पोर्ट्सची जोड घ्यायची तर प्रीमियम जवळजवळ दुप्पट होतो. नवरा म्हणतो, क्रेडिट कार्डावर विमा आहेच. दीर म्हणतो, फ्रान्समध्ये हेलिकॉप्टर फुकट असतं, उगाच कंपन्यांची धन कशाला? शिवाय नवऱ्याला दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. एजंटने ते फॉर्मवर लिहिलं नाही. म्हणाला, लिहिलं की भाव वाढतो. काय करू?

— एक वाचक, कोथरूड

नमस्कार.

आधी थेट उत्तर देतो. एजंटने दिलेला कागद व्हिसाला चालेल, बर्फावर चालणार नाही. जोड घ्या. पण ती घेतली की झालं, असं समजू नका. तुम्ही तिघं एका हॉटेलात उतरणार असलात तरी तिघांचे खेळ वेगळे आहेत, आणि विमा कंपनी तुमच्याकडे एक कुटुंब म्हणून नाही, तीन वेगळ्या जोखमी म्हणून बघते. तुम्हाला पुरणारी पॉलिसी दिरांना पुरेलच असं नाही.

शेंगेन व्हिसाच्या नियमांना हवं असतं ते एवढंच: किमान 30,000 युरोंचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, ज्यात तातडीचे उपचार, रुग्णालय, आजारपणात मायदेशी आणणं आणि मृत्यू झाल्यास पार्थिव आणणं बसतं. तुम्ही तिथे जाऊन चित्रं बघणार की डोंगरावरून घसरणार, याच्याशी व्हिसा देणाऱ्याला देणंघेणं नाही. ट्रॅफिक पोलिसाला दाखवण्यापुरता गाडीचा थर्ड पार्टी विमा काढतात ना, व्हिसापुरती पॉलिसी हा तसलाच प्रकार. पण खरी गोम रकमेत नाही. कव्हर 30,000 असो की 5 लाख, 'साहसी खेळांतून झालेली इजा वगळून' हे एक वाक्य आत असलं, तर स्कीवरून पडल्यावर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून पॉलिसी हातात आली की पहिलं पान सोडा आणि वगळलेल्या गोष्टींची यादी काढा. कंपनीचं ब्रोशर वाचू नका; त्यात सगळेच डोंगरावर हसत उभे असतात. पॉलिसी वर्डिंग नावाची पन्नास-साठ पानी फाइल मागून घ्या.

आता दिरांचं हेलिकॉप्टर. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि असली अर्धी खरी माहितीच महागात पडते.

फ्रान्समध्ये उंच डोंगरावरची सुटका हे सरकारचं काम मानलं जातं. शामोनीत ते करते पीजीएचएम ही जांदार्मरीची, म्हणजे तिथल्या निमलष्करी पोलिसांची, डोंगरी तुकडी. 1956 च्या हिवाळ्यात माँ ब्लांवर दोन तरुण गिर्यारोहक अडकले, सुटकेच्या कामात गोंधळ झाला आणि ते दोघं वाचू शकले नाहीत. त्यावर देशभर गदारोळ उठला आणि 1958 मध्ये ही तुकडी उभी राहिली. व्हॅली ब्लांशवर तुमचे यजमान पडले, तर त्यांचं हेलिकॉप्टर येईल आणि त्या उड्डाणाचं बिल येणार नाही. इथपर्यंत दीर बरोबर.

पण स्की-केंद्राच्या हद्दीत नियम वेगळा आहे. 1985 च्या डोंगरविषयक कायद्याने तिथल्या ग्रामपालिकांना स्कीइंगच्या अपघातातल्या सुटकेचा खर्च जखमी माणसाकडून वसूल करायची मुभा दिली. पिस्टवर, म्हणजे खांब रोवून आखलेल्या आणि रात्री यंत्र फिरवून सारख्या केलेल्या उतरणीवर, तुम्ही पडलात की लाल कोटातले पिस्टर, म्हणजे उतरणीवरचे गस्तवाले, येतात, तुम्हाला स्लेजवर आडवं करून, पट्ट्यांनी बांधून खाली आणतात. त्याचं दरपत्रक असतं. अपघात पायथ्याशी झाला तर थोडे पैसे, लांबच्या उतरणीवर झाला तर जास्त, आणि पिस्ट सोडून बाजूच्या बर्फात गेलेल्याला आणायचं असेल तर सगळ्यांत जास्त. आकडे शेकड्यांत जातात. पायथ्यापासून दवाखान्यापर्यंतची अँब्युलन्स वेगळी, आणि खासगी हेलिकॉप्टर मागवावं लागलं तर तोही खर्च तुमच्याच माथी.

म्हणजे गंमत बघा. ग्लेशियरवर भेगेत पडलेल्या तुमच्या नवऱ्याला सरकार फुकट उचलणार, आणि शिकाऊ उतरणीवर गुडघा मुरगळलेल्या तुम्हाला स्लेजचं बिल येणार. सगळ्यांत मोठं बिल दिरांचं, कारण त्यांना हवा असलेला ताजा बर्फ बहुतेक वेळा लिफ्टच्या बाजूलाच, पिस्टच्या खांबांपलीकडे असतो. ती जागा ना धड पिस्ट, ना उंच डोंगर. आणि फुकट काय, तर डोंगरावरून खाली आणणं. खाली आणल्यावर रुग्णालय फुकट नाही. फ्रेंच माणसामागे त्याची सामाजिक सुरक्षा योजना उभी असते, तुमच्यामागे फक्त तुमची पॉलिसी.

इटलीत आणखी निराळं. इजा नसताना, केवळ घाबरून किंवा वाट चुकली म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं, तर तिथले बरेच डोंगरी प्रांत त्याचे पैसे लावतात. स्वित्झर्लंडमध्ये तर प्रश्नच नाही, तिथे प्रत्येक उड्डाणाचं बिल फाटतं आणि ते सहज काही हजार फ्रँकांवर जातं. तिथली रेगा ही हवाई बचाव संस्था नावाजलेली आहे, तिचं सदस्यत्व घ्या असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. पण झेरमॅट ज्या व्हाले प्रांतात येतं, तिथे हे काम मुख्यतः एअर झेरमॅट आणि एअर ग्लेशियर्स करतात. झेरमॅटसाठी काही घ्यायचंच असेल तर एअर झेरमॅटचं बचाव कार्ड बघा. एकाच सहलीत तुम्ही तीन देशांचे तीन हिशेब ओलांडणार आहात. त्यात झेरमॅटहून वरच्या वर स्की करत इटलीतल्या चेर्विनियाला उतरता येतं. उत्साहाच्या भरात सीमा कधी मागे पडली ते कळतही नाही.

म्हणून पॉलिसीत बघायची रक्कम म्हणजे डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च. काही पॉलिसी फक्त जखमी माणसाला जवळच्या रुग्णालयात नेण्याचे पैसे देतात, शोधमोहिमेचे देत नाहीत. काहींत अशी अट असते की आमच्या मदत केंद्राने आधी मंजूर केलं असेल तरच हेलिकॉप्टरचा खर्च मिळेल. आता भेगेच्या काठावर उभं राहून गुरुग्रामच्या कॉल सेंटरला 'प्रतीक्षा करा' ऐकत कोण बसणार? जीव धोक्यात असताना स्थानिक बचाव पथकाने घेतलेला निर्णय चालेल, असं पॉलिसीत लिहिलेलं हवं, नाहीतर कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्यायला हवं.

आता यजमानांची व्हॅली ब्लांश. शामोनी गाव हजारेक मीटर उंचीवर आहे. तिथून केबल कार थेट एग्वी द्यु मिदीला, 3,842 मीटरच्या शिखराजवळ नेते. बोगद्यातून बाहेर पडलं की अरुंद बर्फाळ धार उतरायची, दोराला धरून, स्की पाठीवर. मग सुमारे 20 किलोमीटर ग्लेशियर. खांब नाहीत, गस्त नाही, भेगा झाकलेल्या. उतरण स्कीइंगच्या दृष्टीने फार अवघड नाही, म्हणूनच माणसं फसतात. विमा कंपनी या उतरणीचं एकच नाव वाचते: ऑफ-पिस्ट, म्हणजे पिस्टबाहेरचं. नाहीतर त्याहून वाईट: ग्लेशियरवरचं गिर्यारोहण. दोर, क्रँपॉन (बुटाला लावायचे काटे), कमरेला हार्नेस (दोर अडकवायचा पट्टा) हे सामान दिसलं की काही पॉलिसींत तो खेळ स्कीइंगच्या रकान्यातून उडी मारून माउंटेनियरिंगच्या रकान्यात जातो, आणि तो रकाना बहुतेकदा वगळलेल्यांत असतो. बऱ्याच पॉलिसींत उंचीचीही मर्यादा असते. 3,842 मीटर त्यात बसतात का, ते बघा.

त्यांनी गाइड घ्यायचं ठरवलं हे उत्तम. शामोनीची गाइड मंडळी 1821 पासून संस्था करून आहेत, या विद्येत त्यांचा हात धरणारा विरळा. मात्र गाइड आणि स्की शिकवणारा इन्स्ट्रक्टर यांत घोळ करू नका. फ्रान्समध्ये इन्स्ट्रक्टरला पिस्टबाहेर नेता येतं, पण न आखलेल्या ग्लेशियरवर नेण्याचा परवाना असतो तो माउंटन गाइडचा. 'पात्र गाइडसोबत ऑफ-पिस्ट कव्हर आहे' असं पॉलिसी म्हणत असेल आणि तुम्ही दोन पैसे वाचवायला ओळखीच्या ओळखीतला कोणी नेलात, तर क्लेम फेटाळायला कंपनीला कारण शोधावं लागणार नाही. गाइडचं बिल नावानिशी, तारखेनिशी घ्या आणि फोनवर फोटो काढून ठेवा.

तुमचं मात्र मला जास्त सांगायचं आहे, कारण तिघांपैकी क्लेम करायची वेळ तुमच्यावर येण्याची शक्यता बरीच आहे. हिमलोट, भेगा, हेलिकॉप्टर यांच्या बातम्या होतात, पण स्कीइंगमधली नेहमीची दुखापत म्हणजे गुडघा. तीही नवशिक्यांची, हळू वेगात. स्की अडकते, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) सुटत नाही, शरीर वळतं, पाय वळत नाही. आत काहीतरी तुटल्याचा आवाज येतो आणि गुडघा तासाभरात सुजतो. शामोनीतला डॉक्टर एक्स-रे काढतो, ब्रेस लावतो, वेदनाशामक देतो, आणि सांगतो की लिगामेंट फाटलेलं दिसतं, घरी जाऊन एमआरआय करा, शस्त्रक्रिया सूज उतरल्यावर.

इथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, घरी जायचं कसं? पाय सरळ ठेवून बसायचं तर इकॉनॉमीच्या एका सीटवर भागत नाही; जास्तीच्या सीट किंवा वरचा वर्ग लागतो, कधी सोबत माणूस लागतो. हा खर्च पॉलिसी देते, पण मदत केंद्राने आधी होकार दिला तर. आपणच तिकीट बदलून, बिल घेऊन पुण्यात पोचलात तर भांडत बसावं लागतं. ताजं प्लास्टर असेल तर विमान कंपन्या पहिले एक-दोन दिवस बसू देत नाहीत किंवा प्लास्टर चिरून आणायला सांगतात, तेही लक्षात असू द्या.

दुसरा प्रश्न मोठा: पुण्यात होणाऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे कोण देणार? प्रवास विमा मुख्यतः परदेशातल्या तातडीच्या उपचारांसाठी असतो. परत आल्यावरचे उपचार त्यात नसतात, किंवा नावाला थोडे असतात. तिथे कामाला येतो तुमचा इथला मेडिक्लेम. आणि इथे एक चांगली बातमी आहे, जी एजंट कधी सांगत नाहीत. विमा नियामक इरडाने 2019 मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्याच्या कलमांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातलं एक्सक्ल 09 हे कलम धोक्याच्या आणि साहसी खेळांचं. त्यात वगळलं आहे ते व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचे उपचार. तुम्ही सुट्टीत वर्ग लावून पडलात, तर तुम्ही व्यावसायिक नाही. आपल्या मेडिक्लेमच्या वर्डिंगमध्ये हा कोड शोधून, त्यापुढचं वाक्य वाचून घ्या. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून तिचं वर्डिंग मागा, नुसतं कार्ड नको. ही एकसारखी भाषा मेडिक्लेमची झाली. प्रवास विम्यात प्रत्येक कंपनीचं आपलं निराळं, आणि तिथे हौशी माणसालाही वगळलेलं असू शकतं.

(गुलमर्गला जाणारे वाचक पत्रांतून विचारत असतात, म्हणून जाता जाता: देशातल्या देशात उपचाराच्या खर्चाचा पहिला आधार तुमचा मेडिक्लेमच. पण तो रुग्णालयापासून सुरू होतो, बर्फाच्या उतारापासून नाही. गुलमर्गच्या अफरवाट डोंगराच्या उतारांवर 2023 च्या फेब्रुवारीत हिमलोटाने दोन पोलिश स्कीअर गेले, 2024 च्या फेब्रुवारीत गुलमर्गलाच एक रशियन. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा थेट त्या उंचीला सोडतो आणि गस्तीखालचा भाग त्यातला थोडाच आहे. तिथे स्थानिक गाइडला पैसे देताना घासाघीस करू नका.)

दुसऱ्याला झालेल्या इजेचं काय, हा विचार आपल्याकडे कोणी करत नाही. आल्प्समधल्या पिस्टवर सुट्टीच्या आठवड्यात गर्दी असते. तुमचे दीर वरून आले आणि खाली हळू जाणाऱ्या कोणा जर्मन बाईंना धडकले, तर चूक वरच्याची धरतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 1967 मध्ये केलेल्या नियमांत वरून येणाऱ्याने खालच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची, असं स्पष्ट आहे, आणि तिथली न्यायालयं त्या नियमांचा आधार घेतात. त्या बाईंचे उपचार, बुडालेला पगार, सगळं युरोंत. इटलीने तर 1 जानेवारी 2022 पासून पिस्टवर उतरणाऱ्या प्रत्येकाला असा दायित्व विमा सक्तीचा केला आहे; नसेल तर दंड होतो आणि पास काढून घेतात. कूर्मायेरला तिकीट खिडकीवर काही युरोंत तो मिळतो. आपल्या प्रवास विम्यातही 'पर्सनल लायबिलिटी' असते, पण ती साहसी खेळांना लागू आहे की नाही ते वेगळं तपासा. जोड घेऊनही कधीकधी फक्त उपचारांचा भाग वाढतो, दायित्वाचा नाही. इटलीत हेल्मेटही आता मोठ्यांना सक्तीचं झालंय. तिन्ही देशांत घालाच.

क्रेडिट कार्डाबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवरचा विमा म्हणजे विमान अपघातातला मृत्यू आणि हरवलेली बॅग. कार्डाचं वर्डिंग मागवून बघा. त्यात 'स्की' हा शब्द सापडला तर मला कळवा.

बीपीची गोळी लिहा. आजच लिहा. लपवलेल्या आजाराचा परिणाम त्या आजारापुरताच राहतो असं लोकांना वाटतं. खोटं सांगून घेतलेली पॉलिसी कंपनी मुळातूनच रद्द ठरवू शकते, मग गुडघ्याचा क्लेमही त्यात जातो. हाड मोडलं तरी तिथला डॉक्टर विचारणारच, कुठली औषधं चालू आहेत? यजमान खरं सांगणार, ते केसपेपरवर चढणार, आणि तो केसपेपर क्लेमसोबत कंपनीकडे जाणार. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही. शिवाय हजार मीटरवरून पावणेचार हजारांवर वीसेक मिनिटांत चढायचं आहे, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांशी त्याबद्दल बोलून घेणं विम्याहूनही आधीचं काम.

दिरांसाठी चार गोष्टी सांगा, माझं नाव सांगून सांगितल्यात तरी चालेल. बंद असलेल्या उतरणीची दोरी ओलांडून गेलेल्याला कंपनी पैसे देत नाही. हिमलोटाचा धोका तिथे 1 ते 5 अशा पायऱ्यांत रोज जाहीर होतो. इशारा असताना गेलात तर 'जाणूनबुजून पत्करलेला धोका' हे कलम पुढे येतं. दुपारच्या जेवणाबरोबर दोन ग्लास वाइन घेऊन परत बोर्डवर चढलात आणि रक्तात दारू निघाली, तर क्लेम मिळेल अशी आशा ठेवू नका. स्पर्धा, उड्या मारायचा पार्क, पॅराशूट लावून घसरणं यांतलं काही मनात असेल तर ते नावानिशी विचारल्याशिवाय करू नका. हवेत उडण्याचे प्रकार बहुतेक पॉलिसी वेगळे काढतात. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा दाखवणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हे तिन्ही अंगावर नसतील तर पिस्ट सोडायची नाही. बर्फाखाली गाडलेल्या माणसाकडे साधारण पंधरा मिनिटं असतात. त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर, फुकटचं असो की विकतचं, बऱ्याचदा एवढ्या वेळात पोचत नाही. बाहेर काढणार ते सोबतचेच. त्यांना एकट्याला सोडू नका.

आता कामाचं. दोन-तीन कंपन्यांच्या ग्राहकसेवेला ईमेल करा. फोनवर बोलू नका. फोनवरचा मुलगा 'हो मॅम, सगळं कव्हर आहे' म्हणतो आणि त्याचा काही पुरावा राहत नाही. ईमेलमध्ये पॉलिसीचं नाव लिहून, तिघांचा कार्यक्रम दिवसवार मांडा. पहिली व्यक्ती: शिकाऊ वर्ग, पिस्टवर. दुसरी: परवानाधारक माउंटन गाइडसोबत ग्लेशियरवरची न आखलेली उतरण, कमाल उंची 3,842 मीटर, दोर आणि क्रँपॉन वापरून; उच्च रक्तदाबाची गोळी चालू. तिसरी: स्नोबोर्ड, पिस्टवर आणि पिस्टबाहेर, काही वेळा गाइडशिवाय. मग विचारा: यांतलं काय कव्हर आहे, काय नाही? डोंगरावरून सुटकेचा आणि शोधाचा खर्च किती रकमेपर्यंत? त्याला आधी परवानगी लागते का? खेळताना दुसऱ्याला झालेल्या इजेचं दायित्व आहे का? वर्डिंगमधल्या कोणत्या कलमानुसार? शेवटचा प्रश्न गाळू नका. कलमाचा नंबर मागितला की उत्तर देणारा माणूस बदलतो, जरा वरचा येतो.

माझा अंदाज असा की तुमच्यासाठी साधी जोड पुरेल. यजमानांसाठी 'गाइडसोबत ऑफ-पिस्ट' लेखी मिळवावं लागेल आणि एखादी कंपनी नकार देईल. दिरांना गाइडशिवायच्या ऑफ-पिस्टसाठी भारतीय पॉलिसी मिळणं कठीण आहे. न मिळाल्यास त्यांच्यापुढे दोनच रस्ते: पिस्टबाहेरच्या दिवशी गाइड घ्यायचा, नाहीतर पिस्टवर राहायचं. रक्कम मी 1 लाख डॉलरच्या खाली घेणार नाही, जमल्यास अडीच लाख. कव्हर वाढवल्याने प्रीमियम जेवढा चढतो तो सहसा खेळाच्या जोडीपुढे किरकोळ असतो. सामान हरवणं, फ्लाइट उशिरा येणं, भाड्याच्या स्कीची मोडतोड यांसाठी वेगळे पैसे मोजायची मला गरज वाटत नाही. ते नुकसान खिशातून सोसता येतं. आणि हे सगळं निघण्याआधी. भारतात काढायचा प्रवास विमा विमानात बसण्यापूर्वी सुरू व्हावा लागतो, तिथे पोचल्यावर जोड चढवता येईल या भरवशावर राहू नका.

याच्या जोडीला फ्रान्समधल्या बहुतेक स्की-केंद्रांत पास घेतानाच खिडकीवर दिवसाचा विमा मिळतो. 'कारे नेज' हे त्यातलं ओळखीचं नाव. दिवसाला काही युरो पडतात, आणि स्लेजची ती शेकड्यांतली बिलं भरायला तो भारतीय पॉलिसीपेक्षा सोयीचा, कारण स्थानिक यंत्रणेला तो माहीत असतो. त्याने तुमच्या मोठ्या पॉलिसीची जागा भरून निघत नाही, पण पिस्टवरच्या दिवसांसाठी मी तिघांचाही घेईन.

अपघात झालाच तर आधी 112. मदत केंद्राला फोन त्यानंतर, पण त्याच दिवशी, आणि रुग्णालयात भरती होत असाल तर भरतीच्या वेळीच. कॅशलेसची व्यवस्था तेच करतात. पिस्टरांनी भरलेला अपघाताचा कागद, त्या दिवसाचा पास, डॉक्टरांचा अहवाल, प्रत्येक बिल आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. फ्रेंचमध्ये असलं तरी असू दे, भाषांतर नंतर करता येतं.

क्लेम नाकारला तर नकाराचं पत्र कलमासकट लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. त्याचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात, मात्र कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. तिथे तुमच्या बाजूने सगळ्यांत वजनदार कागद असेल तो आत्ता निघण्याआधी आलेला कंपनीचा ईमेल. त्याची एक छापील प्रत पुण्यात सासूबाईंकडे ठेवून जा.